विमानानं हवा धरली

अन्याय झाला तो माझ्या घरमालकांवर, उदगीरच्या एका छापखान्याच्या म्हाताऱ्या मालकावर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे आरोप मोघम आहे असं नंतर कोणी म्हणायला नको. त्या दुष्काळी उन्हाळ्यात, बसवजयंतीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी, मुंबईहून नांदेडला येणाऱ्या स्वस्तातल्या विमानात, विमान खाली उतरत असताना.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. पत्रकात मागणी असते, माणूस नसतो. इथं आधी माणूस सांगावा लागेल, कारण त्या दिवशी विमानातल्या कोणालाच तो माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यायची गरजही कोणाला वाटली नाही. मालक अजून हयात आहेत. तरी मी ‘होते’ असंच लिहिणार आहे. मी सांगते आहे तो माणूस त्या सोमवारपर्यंतचा.

मी जळकोटकडची. उदगीरचा नवा जिल्हा व्हावा म्हणून झालेल्या समितीचं काम करायला तिथं आले तेव्हा खोली शोधत होते. प्रत्येक घरी आधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव कळलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. छापखान्यावरची खोली दाखवताना मालकांनी आडनाव विचारलं नाही. मिक्सर आहे का, विचारलं. झोपेत दात खाता का. दाराची कडी आपटायची सवय आहे का. मी म्हटलं, मिक्सर नाही, पण एक पंखा आहे आणि तो कटकट करतो. तर म्हणाले, आणून ऐकवा. मी तो पंखा रिक्षात घालून आणला, छापखान्यात लावला. मालक त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले, कान तिरपा करून. गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन ताटकळत उभं.

“करू दे कटकट,” शेवटी म्हणाले. “चालू हाय एवढं तरी कळतंय.”

खोली मिळाली. त्या दिवसापासून मला ते अव्वा म्हणायला लागले. त्यांच्या घरात निम्मं कानडी चालायचं, आणि कानडी घरात आईला म्हणतात ते अव्वा लाडानं लेकीलाही म्हणतात.

मालक भित्रे होते. मी हे लपवणार नाही, कारण त्यांनीही कधी लपवलं नाही. स्वयंपाकघरात कुकर चढला की ते बाहेरच्या ओट्यावर जाऊन उभे राहायचे आणि गॅस बंद झाल्याचं सूनबाईनं ओरडून सांगितल्यावरच आत यायचे. वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणल्या की त्या बाजूनं चालायचे नाहीत. मोठा आवाज झाला तर त्यांना काही वाटायचं नाही. लग्नाच्या वरातीत बँडशेजारून खुशाल जायचे. आवाज बदलला की मात्र भ्यायचे. मग उजवा हात सदऱ्यात जायचा, गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट मुठीत यायचं, आणि मालक थांबायचे. मशीन चालू असेल तर मशीनही थांबवायचे. आमची पत्रकं कितीदा अर्धी छापून पडली आहेत. मी खाली येऊन भांडायची, मालक, उद्या सकाळी वाटायची आहेत, मशीनला धाड भरली आहे का. ते म्हणायचे, कशानं तरी आवाज बदलून राहिलाय, बघू. बघायचे. बहुतेक वेळा काहीही निघायचं नाही.

हे नीट लक्षात घ्या. मालकांचा कान काही दैवी नव्हता. दहा वेळा उठले तर आठ वेळा उगीच. एकदा लातूरहून येताना त्यांनी नळेगावजवळ अख्खी एसटी रिकामी करायला लावली होती. मागचं चाक निघतंय म्हणे. सगळे उन्हात उतरले, ड्रायव्हरनं खाली वाकून बघितलं, आणि चाकाचा आवाज म्हणजे एका बाईचा सीटखाली घरंगळणारा लोणच्याचा डबा निघाला. तेव्हापासून त्या रस्त्यावरचे ड्रायव्हर मालक चढले की म्हणायचे, “या, इन्स्पेक्टर आले. आता गाडी बिघडायची न्हाई.” मालक हसायचे आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून परत ऐकायला लागायचे.

मला हा भित्रेपणा सोसायचा नाही. आम्ही मोर्चे काढणारी माणसं. मी एकदा स्पष्टच विचारलं, एवढं भिऊन जगायचं कशाला. तर म्हणाले, “थोडं थोडं भ्यावं रोज, अव्वा. साठवलेली भीती एकदम निघती आन् माणूस घेऊन जाती.”

आता त्या दुष्काळाचं सांगते. रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो दुष्काळ सगळ्या देशानं टीव्हीवर बघितला. त्याच्यानंतरचा हा, त्याला कोणी बघायला आलं नाही. आमच्या गल्लीत एक सामाईक बोअर, बाकी ज्याच्या त्याच्या. पाणी खोल गेलेलं. बोअरला पाणी असलं की मोटारीचा आवाज जड असतो, भरलेला. पाणी संपलं की तोच आवाज हलका होतो, वर चढतो, पाइप खाकरायला लागतो. याला आमच्याकडं म्हणतात, मोटारीनं हवा धरली. त्याच वेळी बंद केली तर वाचते. नाही केली तर जळते, आणि उन्हाळ्यात मोटार जळाली म्हणजे त्या घराचं पाणी गेलं.

म्हणून गल्लीत एक रीत पडली होती. ज्याच्या कानावर हलका आवाज पडेल त्यानं धावायचं आणि स्टार्टरचं लाल बटण दाबायचं. मोटार कोणाची, घर कोणाचं, मालक झोपलाय का जेवतोय, काही बघायचं नाही. विचारत बसायचं नाही. भांडण असलेल्या घरातही घुसायचं. या रिवाजात मालक सगळ्यांत पुढं. समोरच्या डॉक्टरांच्या भिंतीवरून या वयात उडी मारून त्यांनी मोटार बंद केली होती, आणि डॉक्टर अंगाला साबण लावलेले तसेच टॉवेलवर बाहेर आले होते. त्या वेळी हवा बिवा काही धरलेली नव्हती. डॉक्टर चिडले, पण ओरडले नाहीत. म्हणाले, “मालक, पुढच्या वेळी गेटनं या, उघडंच असतंय.” दुष्काळात चुकून धावणाऱ्याला कोणी बोलत नाही. न धावणाऱ्याला बोलतात.

नव्या जिल्ह्याचं निवेदन घेऊन आम्ही मुंबईला गेलो होतो. जाताना सगळे रेल्वेनं गेलो. मालकांना समितीनं आग्रहानं नेलं, कारण व्यापाऱ्यांच्या सह्या त्यांनी गोळा केल्या होत्या. येताना लग्नसराईमुळं रेल्वेत जागा नाही आणि मंगळवारी उदगीरला मोर्चा. पत्रकं छापायची होती, आणि त्या मशीनला दुसऱ्या कोणी हात लावलेला मालकांना चालत नव्हता. विमानाचं तिकीट कुठल्याशा सवलतीत खासगी बसच्या भावात मिळालं. समितीच्या अध्यक्षांनी आम्हा दोघांना बसवून दिलं. दोघंही पहिल्यांदाच.

तपासणीत मालकांच्या गळ्याशी यंत्र वाजलं. जवान म्हणाला, काढून ट्रेमध्ये ठेवा. मालक म्हणाले, हे अंगावरून निघत नाही, मेल्यावरसुद्धा. जवानाला कळेना. मी भांडले, साहेब आले, त्यांनी डबी हातात न घेता बघितली आणि सोडलं. पण मालकांचा हात जो सदऱ्यात गेला तो विमानात बसेपर्यंत बाहेर आला नाही.

विमान लहान, पंख्याचं. मालकांनी पंख्याशेजारची खिडकी मागून घेतली, ऐकायला. वर चढताना मी डोळे मिटून घेतले होते. मालक मात्र विमानाच्या भिंतीला तळहात लावून बसलेले. “भरलेला हाय,” म्हणाले. “काळजी न्हाई.” पुढच्या सीटवर अर्धापूरचा एक केळीवाला होता, निघेपर्यंत फोनवर बागेला टँकर घालावा का या विषयावर भांडत होता. पलीकडं नांदेडची एक बाई, लेकीकडून परत चाललेली. मालकांनी सगळ्यांना लिंबाच्या गोळ्या वाटल्या. पाणी विकत होतं.

मग खालची जमीन दिसायला लागली. तपकिरी, भेगाळलेली, आणि गोदावरीच्या जागी वाळू. इंग्रजीत काहीतरी सांगितलं, मग हिंदीत. पट्टा बांधा, टेबल मिटवा, खुर्ची सरळ करा. महाराष्ट्रातून महाराष्ट्रात येणाऱ्या विमानात मराठीत एक शब्द नाही. आणि कुठल्याच भाषेत कोणी हे सांगितलं नाही की आता आवाज बदलेल, भिऊ नका.

आवाज बदलला.

आधी एकदम कमी झाला, जसं कोणी हात काढून घेतला. पोट वर आलं. मग पंखातून कुंईऽऽ करून काहीतरी लांबत गेलं. मग पायाखाली धाडकन काही निखळल्यासारखं झालं, विमानाचा सगळा तळच थरथरला. आज मला माहीत आहे की ती चाकं बाहेर आली होती. तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मला वाटलं, तुटलं. आणि त्या सगळ्यावरून पंख्यांचा आवाज बारीक झाला, हलका झाला, वर चढायला लागला.

तो आवाज कशाचा हे त्या विमानात बसलेल्या निम्म्या माणसांना तोंडपाठ होतं. केळीवाल्यानं मागं वळून बघितलं. “काका,” म्हणाला, “हवा धरली का हो?” त्याला चेष्टा करायची होती, पण ओठ पांढरे पडले होते. मागून कोणी तरी म्हणालं, मोटार बसली. पलीकडच्या बाईनं रेणुकामातेचं नाव घेऊन डोळे मिटले. मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मालक माझ्याकडं वळले. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. “अव्वा, बंद करायला सांग. जळंल.”

मी मदतीचं बटण दाबलं. विमानातली मुलगी स्वतः पट्टा बांधून पुढं बसली होती. तिनं लांबूनच हातानं खुणावलं, बसा. ती माझ्याच वयाची होती, तिला मी दोष देत नाही. मी मालकांना म्हटलं, उतरताना असंच होत असेल. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. मला खरंच वाटत होतं की आता आपण मरणार, आणि इतक्या माणसांत कोणी काही करत नाही.

मालकांनी पट्टा सोडला. सगळ्या विमानात सर्वांत भित्रा माणूस तो, आणि तोच उठला. सीटांना धरत धरत पुढं गेला आणि पुढच्या दारावर थापा मारायला लागला. आत कोणी असेल तर बंद करा, लोकं हायेत, असं काहीतरी म्हणत होते. त्या मुलीनं मागून त्यांचं मनगट धरलं, तर त्यांनी तिचाच हात धरून पंख्याच्या दिशेनं वर केला, ऐक म्हणून. पुढं कागदावर याला धक्काबुक्की म्हटलं गेलं.

आणि जमीन इतकी जवळ आली असताना विमान अचानक वर उचललं गेलं. पंखे गर्जले. मी सीटमध्ये दाबली गेले. सगळीकडं किंकाळ्या. कोणाची पिशवी माझ्या पायावर येऊन पडली, केळीवाला पुढची सीट मिठीत घेऊन बसला, कोणी मोबाइलवर घरच्यांचं नाव घेऊन रडत होतं. त्या मुलीनं मालकांना एका रिकाम्या सीटवर ढकललं होतं, तिथून ते उठले आणि शांतपणे चालत माझ्याकडं परत आले. चेहऱ्यावर भीती नाही. बसले, पट्टा आपल्या हातानं बांधला.

“धरलं,” म्हणाले. “पाणी धरलं परत. आईकलास का, कसा भरलाय आवाज.”

सगळं विमान मरणाच्या भीतीनं ओरडत होतं आणि मालकांनी पलीकडच्या बाईला लिंबाची गोळी पुढं केली. तिनं ती घेतली.

मला मात्र तेवढ्यात उमगलं होतं की आपण घिरटी घालतो आहोत. म्हणजे परत खाली यायचं, परत तो आवाज हलका होणार. मी हे मालकांना सांगितलं नाही. विमान वळलं. वाळूची गोदावरी परत खिडकीत आली. आवाज उतरायला लागला तसा मालकांचा हात पट्ट्याच्या कडीकडं गेला.

मी त्यांचे दोन्ही कान माझ्या तळव्यांनी दाबून धरले. त्यांनी सोडवून घेतलं नाही. एक मूठ सदऱ्यात, दुसरी माझ्या दंडावर, आणि डोळे माझ्या तोंडाकडं. मला काहीतरी बोलत राहायला हवं होतं, त्यांना ऐकू येणार नव्हतं तरी. देवाचं मला काही पाठ नाही. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, एवढंच तोंडातून येत होतं, तेच म्हणत राहिले. आदळलो. पंखे उलटे गर्जले, सगळं खिळखिळलं, आणि विमान जमिनीवर धावत हळू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शिडीपाशी दोन पोलीस आणि कंपनीचा वॉकीटॉकीवाला उभे होते. मालकांना बाजूला घेतलं. मी तिथंच ओरडून सांगितलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, एकानं तरी सांगा. केळीवाला खाली बघून म्हणाला, “ताई, माझी गाडी उभी हाय बाहेर.” गोळी घेतलेली बाई म्हणाली, माझे कानच बंद झाले होते. मागून मोटार बसली म्हणणारा कोण होता ते मला अजून माहीत नाही. पोलीस दिसले आणि सगळं विमान मुकाट आपापल्या बॅगा ओळखायला लागलं.

चौकीत मालकांना विचारलं, पायलटच्या खोलीत का घुसत होता, तुमच्यामुळं विमान न उतरवता परत वर न्यावं लागलं. त्यांनी सगळं सांगितलं. मोटार, हवा, लाल बटण, डॉक्टरांची भिंत. कंपनीचा माणूस हिंदीत म्हणाला, बाबा, ये बोअरवेल नहीं है. जमादार मात्र बिलोलीकडचे होते. त्यांनी पेन खाली ठेवलं, कपाळ चोळलं. मला म्हणाले, “ताई, मला कळून राहिलंय सगळं. पण हे कंपनीला इंग्रजीत लिहून द्यायचं कसं?”

मग तडजोड निघाली. मालकांनी माफी लिहून द्यायची, म्हणजे गुन्हा नोंदवणार नाहीत. मजकूर कंपनीच्या माणसानं सांगितला, जमादारांनी मराठीत उतरवला. मालकांनी जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर वाचलेला, तसाच हाही वाचला, ओळीखाली नख धरून. एका जागी नख थांबलं. ‘मी प्रवाशांचा जीव धोक्यात घातला.’

“हे चूक हाय,” म्हणाले. “मी वाचवाय उठलतो.”

कंपनीच्या माणसानं खांदे उडवले. म्हणाला, मग गुन्हा. मी म्हटलं, मालक, सही करू नका, होऊ द्या गुन्हा, समिती उभी राहील, मी इथून हलणार नाही. आतल्या बाजूला कोणी तरी कोठडीचं गज लावलेलं दार ओढून लावलं, त्याचा आवाज आला.

“अव्वा,” म्हणाले, “तो आवाज रातभर माझ्यानं सोसायचा न्हाई.” आणि सही केली.

लोहा, कंधार, जळकोट करत एसटीनं घरी आलो. मालक शेवटच्या सीटवर बसले. मंगळवारच्या मोर्चाला पत्रकं नव्हती, मशीन सुरूच झालं नाही. नवा जिल्हा अजून झालेला नाही, ते भांडण चालू आहे आणि चालू राहील. त्यासाठी मी हे लिहायला बसले नाही.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, गल्लीतल्या सामाईक बोअरचा आवाज हलका झाला. मी वर होते, कटकटणाऱ्या पंख्याखाली, मला उशिरा कळलं. धावत खाली आले तर मालक ओट्यावर बसलेले. बोअर त्यांच्या ओट्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांची मान वळलेली होती, कान तिकडंच होता, मूठ सदऱ्यात. उठले नाहीत. मी बटणापर्यंत पोचले तेव्हा जळका वास सुटला होता.

संध्याकाळी घागरी घेऊन बाया ओट्यापाशी जमल्या. कोणी रागानं बोललं नाही. एकीनं विचारलं, “मालक, तुमाला आईकू न्हाई आलं?”

“आलं की,” मालक म्हणाले. “पण दुसऱ्याच्या वस्तूला आपण हात लावला की लोकांचा जीव धोक्यात येतो. मी लिहून दिलंय तसं.”

तो उन्हाळा गल्लीनं टँकरवर काढला. मालक आता एसटीत कुठंही बसतात. कुकर लागला तरी आत बसून राहतात. लोक म्हणतात, बरं झालं, म्हाताऱ्याची भीती गेली. भीती गेलेली नाही. मी त्यांच्या डोक्यावर राहते, मला माहीत आहे. ती आता बाहेर निघत नाही, एवढंच.

कंपनीनं माफी मागावी असं मी म्हणत नाही. ती आली तरी इंग्रजीत येईल. विमानात मराठीतून सूचना द्या, उतरताना काय काय वाजतं ते भिणाऱ्या माणसाला आधी सांगा, ही मागणी मी वेगळी केली आहे आणि तिची पोचसुद्धा आलेली नाही. या पत्रकातली मागणी तुमच्याकडं आहे. तुम्ही त्या सोमवारी त्या विमानात होता. अर्धापूरला तुमची बाग आहे, नांदेडला तुमचं घर आहे, हे पत्रक मी तिथंच वाटते आहे. तुम्ही नव्हता, तर तुमच्या ओळखीत कोणी होतं. त्याच्या हातात हे द्या.

उदगीरला या. छापखाना कोणीही दाखवेल. मालकांसमोर उभे राहा आणि तोंडानं सांगा की आवाज हलका झाला होता, आम्हालाही ऐकू आला, आम्हीही भ्यालो, आणि आम्ही बसून राहिलो. कागद नको, सही नको, पोलिसांत जायला नको. गल्लीनं वर्गणी काढून बोअरमध्ये नवी मोटार सोडली आहे. तिचा आवाज अजून भरलेला आहे. तो हलका व्हायच्या आत या.